काकांनी उमेदवाराला खाली बसवलं तो रविवार

आमच्या काकांनी भर उपासनेत एका उमेदवाराच्या हातातला माईक काढून घेतला होता.

तेच शांतवनकाका. माझ्या पप्पांचे थोरले भाऊ. काल गेले. आज दुपारी आम्ही त्यांना माती दिली.

खूप फोन येतायत, सगळ्यांशी बोलणं जमत नाहीये. म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, चालवून घ्या.

काका मूळचे नगरकडचे. काळेवाडीत घर, चाकणला कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात त्या विभागात, नोकरी, आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच.

कंपनीत ते कधी कुणाच्या मागे लागले नाहीत. पण एखाद्याने आपणहून विचारलं, "काका, तुमच्या येशूचं नक्की काय आहे हो?" की त्याची सुटका नसायची. चाकणहून बस काळेवाडीला येईपर्यंत सांगत बसायचे. तो बिचारा उतरला तरी खिडकीतून चालूच.

आणि राजकारण. मंडळीतले बरेच जण म्हणायचे, घाण आहे ती, आपण लांबच बरे.

काका भडकायचे. "मग नळाला पाणी आलं नाही की कुणाच्या नावाने ओरडता? मत द्या, प्रश्न विचारा. देवाने तोंड काय नुसतं गाणी म्हणायला दिलंय?"

आता तो रविवार. पण त्याआधी काकूचं सांगायला हवं.

आमच्या दफनभूमीला धड रस्ता नव्हता. काकू गेली तेव्हा ऐन पावसाळा. गाडी लांबच रुतली. माणसं पेटी खांद्यावर घेऊन चिखलातून निघाली. एकाचा पाय सरकला आणि पेटीचा एक कोपरा चिखलात टेकला.

काका खाली बसले आणि रुमालाने तो कोपरा पुसत राहिले.

तो रस्ता व्हावा असं त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तर महापालिकेची निवडणूक. मतदानाच्या आधीचा रविवार. उपासना अर्ध्यावर आली आणि एक उमेदवार कार्यकर्त्यांना घेऊन आत आला. चप्पल बाहेर, हात जोडलेले, सगळं व्यवस्थित.

आमच्याकडे पद्धत अशी, की नवीन पाहुण्याने उभं राहायचं, नाव सांगायचं, प्रार्थनेची काही विनंती असेल तर तीही सांगायची. साहेबांच्या हातात माईक आला. त्यांना वाटलं, सभाच आहे.

"निवडून आलो की पहिलं काम तुमच्या दफनभूमीचा रस्ता. काँक्रीटचा. शब्द देतो."

मागच्या बाकांवरून टाळ्या. उपासनेत, बरं का.

"फक्त तुमच्या फादरनी आत्ता इथून आमच्या नावाचा एक शब्द सांगावा. बस."

आमच्याकडे फादर नसतात, पाळक म्हणजे पास्टर असतात, पण तो वाद वेगळा. ते बिचारे घाम पुसत पुलपिटामागे, जिथून उपदेश करतात त्या मेजामागे, उभे. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर पंचाईत.

काका उठले. शांतपणे माईक घेतला.

"साहेब, उपासना झाली की बाहेर चहा आहे. मी स्वतः तुम्हाला खुर्ची मांडतो, सगळ्यांशी पोटभर बोला. पण मत कुणाला द्यायचं हे आमचा पाळक इथून सांगणार नाही. इथे तुमच्यासाठी प्रार्थना होईल. बसा."

आणि खरंच प्रार्थना केली. त्यांच्यासाठी. मग त्यांच्या विरोधकासाठी, नाव घेऊन. मग अपक्षासाठीसुद्धा. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर साहेबांचे दोन्ही उघडे होते.

चहाला थांबले नाहीत ते.

मी जाम चिडले होते. अंगणातच काकांना गाठलं. "रस्ता हातात येत होता काका. काकूला तरी आठवायचं."

"तिलाच आठवत होतो."

"मग?"

"आज रस्त्यासाठी पुलपिट दिलं, तर उद्या दुसरा गटारासाठी मागेल. मग रविवारी पाळक काही बोलला तरी लोक विचारतील, ह्याला कुणी पाठवलंय. रस्ता आपला हक्क आहे गं. तो मागायला वॉर्ड ऑफिस आहे."

साहेब निवडून आले. मंडळीत सगळे म्हणाले, झालं, गेला रस्ता.

काका फर्स्ट शिफ्ट करून यायचे, अंघोळ करायचे आणि नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचे. सोबत गॅरेजवाले सलीमभाई, कारण कब्रस्तानही त्याच वाटेवर. आधी तासन् तास बसवून ठेवलं. मग एकदा आत बोलावलं.

"काका, खरं सांगा. मला मत दिलं होतं का?"

"नाही दिलं," काका म्हणाले. "पण प्रार्थना अजून चालू आहे."

हा किस्सा सलीमभाई अजून हसत हसत सांगतात.

रस्ता झाला. काँक्रीटचा. त्यावरून पहिली गेली ती सलीमभाईंची अम्मी, आणि काकांनी तिला खांदा दिला.

आज सकाळपासून पाऊस होता. गाडी थेट फाटकापर्यंत गेली. सलीमभाई आले, अख्खी प्रेस शॉप आली. नगरसेवकही आले, एकटेच.

पाळकांची प्रार्थना झाल्यावर साहेब माझ्याजवळ आले. "ताई, इथे दोन शब्द बोललो तर चालेल?"

मी म्हटलं, "बोला."

"हा रस्ता मी केला, असं मी सगळीकडे सांगतो," ते म्हणाले. "खरं म्हणजे यांनी तो माझ्याकडून करून घेतला. आणि बदल्यात मला एक मतसुद्धा दिलं नाही."

कबरीपाशी आम्ही सगळे रडता रडता हसलो.

काका, तुमची पुतणी म्हणवून घेताना माझी छाती फुगते.

काकू शेजारीच आहे. निवांत झोपा. पुनरुत्थानाच्या दिवशी भेटू.