मुस्येंचा आबनुसी पाय

आमच्या घरात आजवर एकच चोरी झाली आणि ती मी करवली. भर दुपारी, नियम घालून देऊन, स्वतःच्या पोटच्या पोरांकडून.

सांगताना अजूनही डोकं तापतं, पण यसू (माझी बायको) ही हकिगत चारचौघांत इतक्या चुकीच्या पद्धतीने सांगते, की एकदा खरी लिहून ठेवलेली बरी.

आम्ही तेव्हाही इथेच, माहेबूरला राहत होतो. साता समुद्रापलीकडच्या बेटावरचं फ्रेंचांचं गाव. राज्य इंग्रजांचं होतं, पण माहेबूरला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं! पाव फ्रेंच, भांडणं फ्रेंच, पोरं रस्त्यावर ज्या शिव्या शिकून यायची त्याही फ्रेंच. कोठीवर, म्हणजे उसाच्या मळ्यावर, गिरमिटाची दहा वर्षं काढून मी बंदरावर साखरेची पोती मोजायच्या कामाला लागलो होतो. पोरं चार. गंगी आठ वर्षांची, बाळू सहा, सखू चार, आणि धाकटा अजून कडेवरून खाली उतरायला तयार नव्हता.

राहत होतो ते मुस्येंच्या परसातल्या दोन खोल्यांत. मुस्ये म्हणजे आमचे घरमालक, म्हातारे खलाशी, मागेपुढे कोणी नाही. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता. अस्सल आबनूस, काळाभोर. खरा पाय कुठे गेला हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं: एकदा तोफेने, एकदा माशाने, एकदा डॉक्टरने. (मी त्यांना विचारलं, यातलं नक्की कोणतं? तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.)

आमचा घराचा करार संपत आला होता आणि त्या दोन खोल्यांवर कोपऱ्यावरच्या शिंप्याचाही डोळा होता. मुस्ये म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी, सहाची घंटा झाली की सांगतो. तू की शिंपी." गावात दुसरी जागा मिळत नव्हती. ते नाही म्हणाले, तर चार पोरं घेऊन पुन्हा कोठीवर जायचं, पुन्हा पाच वर्षांच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि पुन्हा त्या गवती झोपडीत दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं. यसू म्हणाली, "शनिवारपर्यंत पोरांना दोरीने बांधून ठेवा. मुस्येंच्या डोळ्यांवर कोणी येता कामा नये."

आणि शनिवारी होळी होती.

होळी नुसती असती तर निभावलं असतं. पण शुक्रवारीच मोंतान्य ब्लांशच्या कोठीवरून माझा मेहुणा रामा रजेचा कागद घेऊन आला. हा माणूस कोठीवर बैल हाकतो आणि इतर सगळ्यांना अक्कल शिकवतो. मी होळीसाठी जळणाचे दोन भारे आणून नीट रचून ठेवले होते. ते बघून हा पोट धरून हसायला लागला.

"दाजी, ही लाकडं विकत आणली?"

"मग? मागून आणू?"

"चोरायची असतात! शिमग्याला कधी कोणी विकतचं लाकूड जाळलंय? आपल्या गावात अण्णाच्या गोठ्याचं दार गेलं होतं ते विसरलात? त्याने आईबापावरून शिव्या घातल्या तेव्हा कुठे होळी पेटली!"

हे खरं होतं. ज्याचं लाकूड गेलं त्याने उभं राहून शिव्या द्यायच्या, आपण तोंडावर पालथी मूठ मारून बोंब ठोकायची, आणि दुसऱ्या दिवशी कोणी कोणाचं वाईट मानायचं नाही. हीच तर रीत. पण मी आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाचा पडलेला आंबाही उचललेला नाही.

"इथे ते जमायचं नाही," मी म्हणालो.

"मग पोरांना काय कळणार शिमगा?" रामा म्हणाला. "फ्रेंच होतील एक दिवस. पाव खातील आणि तुम्हाला पापा म्हणतील!"

बाळू मला गेल्याच आठवड्यात पापा म्हणाला होता. माझं डोकंच फिरलं. शनिवारी जेवणं झाली तसं मी तिन्ही मोठ्या पोरांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं की आज चोरी करायची आहे, पण शिस्तीत.

"एका घरातून एकच लाकूड. पाच घरं, पाच लाकडं, सहावं नाही."

"बरं, बा," गंगी म्हणाली.

"बाळूच्या हातापेक्षा लांब नको. खिळ्याने ठोकलेलं नको."

"आणि कोणी वापरत असलं तर?" बाळूने विचारलं.

मला पोराचा अभिमान वाटला हो! "शाब्बास. कोणी वापरत असेल तर अजिबात हात लावायचा नाही. नुसतं पडलेलं असेल तेच."

(उद्या सकाळी पाचही घरी जाऊन, रीत समजावून, प्रत्येकाला दुप्पट जळण द्यायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. आधी सांगितलं असतं तर ती चोरी झाली नसती. याचा मी फार विचार केला होता. नको तिथेच मी फार विचार करतो.)

पोरं तासाभरात परत आली. रामाने नारळाच्या झावळ्या उभ्या केल्या, खाली उसाचा पाला पसरला आणि चोरीची लाकडं आत खुपसली. मी येऊन बाहेर आलेली टोकं मोजली. पाच. बंदरावर पोतीही मी टोकांवरूनच मोजतो. पाच सांगितली, पाच भरली, मी समाधानाने आंघोळीला गेलो.

ऊन उतरलं तशी मी होळीला पाणी फिरवलं, यसूने पोळीचा नैवेद्य ठेवला आणि मी काडी लावली. पाला असा धडाडला की सखू रडायलाच लागली. रामाने पहिली बोंब मारली. पोरांनी ती उचलली. आणि तेवढ्यात मुस्येंच्या ओसरीवरून आवाज आला, "वोलेर! वोलेर!"

म्हणजे चोर, चोर! मी कान टवकारले.

"चोरांनो! डाकूंनो! समुद्रात बुडवीन एकेकाला!"

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, आनंदाचा! मी रामाला म्हणालो, "अरे, ऐक! म्हातारा शिव्या देतोय!"

"मनापासून देतोय," रामा म्हणाला.

"याला रीत ठाऊक आहे! गलबतावर आपली माणसं भेटली असतील. रामा, हा माणूस आपल्यात मिसळला!"

मग मी काय केलं? मी, चार पोरांचा बाप, ओसरीकडे तोंड करून मूठ तोंडावर मारली आणि जीव खाऊन बोंब ठोकली. तिकडून शिव्या वाढल्या, इकडून बोंबा वाढल्या. मुस्येंनी माझ्या आईचा उद्धार केला. मी हात जोडून त्यांना नमस्कार केला! असा शिमगा मला माझ्या गावातसुद्धा मिळाला नव्हता. यसू मागून माझा सदरा ओढत होती. "अवो, त्यांचं तोंड बघा. तो माणूस खेळत नाहीये."

"तुला काय कळतंय पुरुषांच्या शिमग्यातलं?"

हे मी बोललो. ते यसू आजतागायत सगळ्यांना सांगते आणि तेवढंच ती बरोबर सांगते.

मुस्ये ओसरीच्या पायऱ्या बसत उतरले आणि कुंपणाचे खांब धरत, एका पायाने उड्या मारत आमच्याकडे यायला निघाले. तरीही माझ्या लक्षात आलं नाही! मला वाटलं, नाचतायत. मी पुढे धावलो, त्यांना दंडाला धरून होळीपाशी आणलं, त्यांच्या कपाळाला राख लावली आणि हातात पोळी ठेवली. त्यांचे ख्रिस्ती उपासाचे दिवस होते. रागाने त्यांना बोलता येईना, म्हणून असेल, त्यांनी ती खाल्ली.

तेवढ्यात गंगी माझ्याजवळ आली. "बा, पाय जळतोय."

"मग मागे सरक."

"माझा नाही. मुस्येंचा."

मी मुस्येंकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग आगीत बघितलं. झावळ्या आता बसल्या होत्या आणि मधोमध, पट्ट्या-बकलांसकट, आबनुसाचा एक पाय टाच वर करून उभा होता.

मी आगीत हात घातला. (रामा मागून ओरडत होता, "दाजी, काठीने! काठीने!" काठी त्याच्याच हातात होती!) पाय बाहेर आला, वाळूत विझवला. टाचेकडून चार बोटं जळून गेला होता. तीन नव्हे, साडेतीन नव्हे. मी तिथेच मोजला.

"बाळू!" मी असा ओरडलो की धक्क्यावरचे कोळी वर बघायला लागले. "पाय आणलास? माणसाचा पाय?"

बाळू रडत रडत म्हणाला, "ते झोपले होते, बा. पाय खुर्चीला टेकून पडला होता. खिळा नव्हता. माझ्या हातापेक्षा छोटा होता. मी मोजला. आणि ते वापरत नव्हते!"

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला जास्त संताप आला. मी रामावर ओरडलो, "तू रचलंस ना? तुला बकलं दिसली नाहीत?" तो म्हणाला, "दिसली की. मला वाटलं, इथली लाकडं अशीच असतात!" मी यसूवर ओरडलो, ती का, ते आता आठवत नाही. आणि नेमकी तेव्हा फ्रेंचांच्या देवळात सहाची घंटा झाली.

यसूने धाकट्याला छातीशी धरलं. मला आमची भांडी, आमच्या वाकळा गाडीवर चढताना दिसायला लागल्या.

मुस्ये माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभे होते. जळका पाय त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"गोविन," ते म्हणाले, "मी आज शिंप्याला हो म्हणणार होतो. तो शांत माणूस आहे."

"होय, मुस्ये."

"आता ऐक. तू मला नवा पाय करून द्यायचा. तोपर्यंत तुझे पाय माझे. रोज सकाळी मला धक्क्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. ज्या दिवशी नवा पाय मला बरोबर बसेल, त्या दिवशी घर रिकामं करायचं. त्याआधी एक दिवस नाही, नंतर एक दिवस नाही. हा माझा शब्द."

दुसऱ्या सकाळपासून मी म्हातारा पाठीवर वाहायला लागलो. ओसरीपासून धक्क्यापर्यंत चारशे बारा पावलं. गावातले मला बघून टोप्या उचलत. म्हणजे मुस्येंना बघून. हमाल हसत. मुस्ये वाटेत प्रत्येकाशी थांबून बोलत आणि मी खाली वाकून त्यांचा फ्रेंच पाऊसपाण्याचा हिशेब ऐकत उभा! राग गिळून गिळून माझं पोट बिघडलं.

यसू म्हणाली, "सुताराला माप थोडं चुकीचं द्या. तेवढंच घर राहील."

"मी? चुकीचं माप?" माझ्या जिवावर आलं. मी मुस्येंचा उजवा पाय दोनदा मोजला, जळका पाय तीनदा मोजला आणि सुताराला केसाइतकंही न चुकता माप दिलं. पाय तयार झाला. मुस्येंनी बांधला, उभे राहिले, तोंड वाकडं केलं.

"आखूड आहे."

मी सुताराशी भांडलो. त्याने दुसरा केला. "लांब आहे." तिसरा केला. "आखूड." सुतार मला म्हणाला, "तुला मोजता येतं असं कोणी सांगितलं?" हे बंदरभर झालं. माझा मुकादम एकदा माझी पोती पुन्हा मोजायला आला! रात्र रात्र झोप नाही. पावसाळा गेला, उसाचा हंगाम आला आणि गेला, पुढची होळी आम्ही विकतच्या लाकडांची केली, आणि मी अजून वाहतोच आहे.

परवा गंगी भाजी निवडता निवडता म्हणाली, "बा, मुस्ये किती जोरात पळतात!"

"कोण?"

"मुस्ये. तू बंदरावर गेलास की ते आमच्याशी पकडापकडी खेळतात. पहिलावाला पाय लावून. तो त्यांना छान बसतो."

पहिला! माझ्या मापाचा! बरोबर दीड वर्ष मी त्या माणसाला पाठीवर घेऊन चाललो होतो! मी तसाच उठून चूल ओलांडली. त्याच्या तोंडावर ते माप फेकून मारणार होतो. दारापर्यंत गेलो आणि यसू शांतपणे म्हणाली, "सांगा की. सांगितलंत की पाय बसला. आणि पाय बसला की..."

मी परत येऊन बसलो.

आज सकाळी नेहमीप्रमाणे ओसरीसमोर पाठ करून उकिडवा बसलो. मुस्ये गळ्याला मिठी मारून वर चढले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "काय रे, गोविन, अजून आखूडच ना?"

आणि मी, ज्याने जन्मात एक पोतं इकडचं तिकडे सांगितलं नाही, उठता उठता म्हणालो, "होय, मुस्ये. चांगला दोन बोटं आखूड आहे."