बांबूच्या बनातला वारा

नवऱ्याच्या पीएचडीमुळे नव्वदच्या दशकात आम्ही क्योतोला होतो. खालच्या मजल्यावर एक अमेरिकन गायक राहायचा. गाणी स्वतःच लिहायचा, गिटार वाजवायचा. त्याच्या देशात त्याच्या दोन रेकॉर्ड निघाल्या आणि लोक त्या विसरूनही गेले. इथे तो इंग्रजी शिकवायचा, शनिवारी विद्यापीठाजवळच्या कॉफीच्या दुकानात गायचा आणि उरलेला वेळ गिटारला पत्र्याचे तुकडे, स्प्रिंगा, स्क्रू जोडून नवा आवाज शोधत बसायचा.

माझा रियाज ऐकून तो एकदा वर आला. तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवला की सूर कसा उमलतो, ते मी त्याला दाखवलं. गिटारमधून तशी जवारी, तो घुमणारा झंकार, काढायचं त्याला वेडच लागलं. हिवाळाभर तो आमच्या खोलीत माझ्या तानपुऱ्याची, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मोजत, टेपवर आवाज भरून घेत बसायचा. गिटारच्या तारांखाली बसवायला त्याने घासून केलेली हाडाची पट्टी काही केल्या बोलेना, तेव्हा तिला पुढे किंचित उतार द्या, असं मीच सुचवलं. गिटार पहिल्यांदा घुमली तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"हे आपल्या दोघांचं आहे," तो म्हणाला. "नावही दोघांचं लागेल."

मी लगेच आईला पुण्याला पत्र लिहिलं.

चेरी फुलली त्या सुमारास ती पट्टी एका वाद्यांच्या दुकानात काचेत दिसली. सोबतचं जपानी माहितीपत्रक नवऱ्याने वाचून दाखवलं. देवळामागच्या बांबूच्या बनात वारा ऐकताना गायकाला ही कल्पना सुचली, असं त्यात होतं. माझं नाव कुठे आहे, म्हणून मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

तिथून मी तशीच त्या गायकाच्या खोलीवर गेले. त्याने चहा पुढे केला. पट्टी बनवणाऱ्या कंपनीला अशीच गोष्ट हवी होती, म्हणाला.

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला त्याचा काय उपयोग? तुम्ही काही स्टेजवर गात नाही."

रागापेक्षा लाज वाटली. आईला आता काय लिहायचं, हेच डोक्यात घोळत राहिलं.

उन्हाळ्यात तो अमेरिकेला परतला. पट्टीमुळे त्याचं नाव झालं, जुनी गाणीही लोक ऐकू लागले. वर्षभराने त्याने नवी सीडी पाठवली. शेवटच्या गाण्यामागे माझा तानपुरा वाजत होता, आमच्याच खोलीत भरलेला. मी लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

गाणं चांगलं होतं. तेवढं मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.