दोन ठोके आणि रेस

वेल्डिंगचा रॉड संपत आला की उरलेलं थोटूक आपण बाजूला फेकतो. दिवसभर कोणाचं लक्ष नसतं, पण संध्याकाळी झाडू मारला की टोपलीभर निघतात! आमच्या वर्कशॉपचे किस्से असेच साठले. तेव्हा कोणी उचलून ठेवले नाहीत, आता मी एकेक वेचतो आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं हे वर्कशॉप संस्थानी काळातलं, आणि मी तिथला स्टोअरकीपर. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेला एक जनरेटर आमच्याकडे आला होता. चाकांच्या गाड्यावर बसवलेला, पुलाचं काम असो की फाटकाचं, ढकलत न्यायचा. त्यावर वेल्डिंग मशीन चाले. वेल्डर केशवराव जाधव. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून पलटणीबरोबर आलेले. जनरेटरवर बंडोपंत, त्यांचे पूर्वज पूजा सांगायला आलेले. दोघांत दिवसभर वाद, आणि एकाचं दुसऱ्यावाचून काम चालत नसे.

कारण साधं होतं. जनरेटर होता लहान, त्यातून इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारा पुर्जा बिघडलेला. केशवरावांनी रॉड टेकवला की इंजिन दबायचं, ठिणगी विझायची आणि रॉड लोखंडाला चिकटून बसायचा. म्हणून दोघांनी एक रीत बसवली. केशवराव हातोडीने लोखंडावर दोन ठोके मारायचे. पंत दांडा ओढून रेस वाढवायचे आणि ओरडायचे, "हं, लावा!" मगच रॉड टेकायचा.

"पलटणीत आम्ही हुकूम देत होतो," केशवराव म्हणायचे, "आता भटाच्या हुकमाने लढतो आहे!"

\* \* \*

इंजिन हँडल मारून चालू करावं लागे. जानवं हँडलात अडकू नये म्हणून पंत ते आधी कानावर चढवायचे.

संस्थानं विलीन झाली आणि इंदूरहून नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी पाहणीला निघाले. साहेबांनी काम बघायचं म्हटलं म्हणून पंत उठले, हँडल उचललं, जानवं कानावर टाकलं. साहेबही ब्राह्मण. ते एकदम दोन पावलं मागे सरले.

"अहो, जाऊन या आधी! मी थांबतो. काही घाई नाही!"

पंतांना वाटलं, साहेब रजेवर पाठवताहेत. ते घरी निघून गेले! साहेब अर्धा तास फाटकापाशी उभे. शेवटी केशवरावांना हळूच म्हणाले, "तब्येत ठीक नाही का त्यांची?"

\* \* \*

फाटकावर संस्थानच्या नावाची लोखंडी अक्षरं होती. ती काढून नव्या 'मध्य भारत'ची बसवायची आली. केशवरावांनी तीन दिवस मन लावून एकेक अक्षर जोडलं.

पंत रेसच्या दांड्यापाशी बसून म्हणाले, "भाऊ, थोडं कच्चं ठेवा. आजकाल नावं फार टिकत नाहीत."

"पंत, कच्चं माझ्या हातून होत नाही."

खरंच होत नव्हतं. काही वर्षांनी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तीच अक्षरं काढायचं काम केशवरावांकडेच आलं. छिन्नी मारून मारून हात सुजले, पण 'भा' काही निघेना. पंत शेजारी बसून शेंगदाणे खात होते.

"मी काय म्हटलं होतं?" ते म्हणाले.

केशवरावांनी छिन्नी बाजूला ठेवून पंतांच्या हातातले शेंगदाणे घेतले.

\* \* \*

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. नव्या राज्याची राजधानी कुठे होणार, याचीच सगळीकडे चर्चा. पाटणकर बाजारात तर गिऱ्हाईक कापड बघायचं सोडून तेच विचारी. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, घरून रेडिओ घेऊन आले आणि त्यांनी तो चोरून जनरेटरवर लावला. आम्ही सगळे कान देऊन उभे. बातम्या सुरू झाल्या. आता नाव येणार, तोच बाहेर दोन ठोके.

"हं, लावा!"

खर्रर्र! रेडिओवर दुसरं काही ऐकूच येईना. ठिणगी थांबली, तेव्हा हवामान चालू होतं!

बडे बाबू धावत बाहेर आले. "केशवराव, अरे राजधानी घालवलीत तुम्ही!"

केशवरावांनी काळी काच वर केली. "आपल्याकडे येणार होती तरी का?"

राजधानी भोपाळला गेली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

\* \* \*

मग बदल्यांचे हुकूम आले. वेल्डिंग मशीन भोपाळला, सोबत वेल्डर. जनरेटर इथेच, सोबत ऑपरेटर. आम्ही चौघेजण साहेबांकडे गेलो. म्हटलं, ही जोडी आहे, तोडू नका.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "अहो, तिथे लाइनची वीज आहे. जनरेटर नेऊन काय करू?"

"जनरेटर राहू द्या, पंतांना न्या," केशवराव म्हणाले.

"पंत कशावर नेऊ? पोस्ट जनरेटरची आहे!"

मशीन खोक्यात बंद झालं, त्या दिवशी केशवराव जनरेटरपाशी येऊन उभे राहिले.

"पंत, एकदा रेस द्या. जाता जाता ऐकतो."

पंत पुसायच्या फडक्याकडे बघत म्हणाले, "बिनाकामाची रेस मी देत नाही. व्होल्टेज चढतं. बल्ब उडतात."

केशवराव गेले. त्या दिवशी कोणी कोणाला टोमणा मारला नाही.

\* \* \*

पुढे मला कामासाठी भोपाळला जावं लागलं, तेव्हा मुद्दाम भेटलो. मोठी शेड, भिंतीवर स्विच, सगळं झकास. केशवरावांनी काच खाली केली, लोखंडावर दोन ठोके मारले आणि थांबले. रॉड हातात तसाच.

शेजारचा वेल्डर हसून मला म्हणाला, "रोज का है। पता नहीं, चाचा क्या सुनते हैं!"

\* \* \*

आणि हे माझ्या मुलीच्या लग्नातलं. मांडव नई सडकेजवळ. दिव्यांसाठी वर्कशॉपचा जनरेटर रीतसर भाड्याने घेतला, तेव्हा पंतही आले. केशवरावांना बोलावणं होतं, पण रजा मिळाली नाही.

तिन्हीसांजा झालेल्या. रंगीत बल्बांच्या माळा लागलेल्या, वऱ्हाड दारात. पंत दांड्यापाशी खुर्ची टाकून पानाला चुना लावत होते. तेवढ्यात मांडववाल्याने एक सैल झालेला लोखंडी खांब हातोडीने ठोकला. दोनदा.

इंजिन एकदम गरजलं. सगळे बल्ब पांढरेफटक झाले आणि पटापट उडाले! पार अंधार. बायका ओरडल्या, बँडवाले थांबले, व्याही विचारू लागले, "क्या हुआ, क्या हुआ?"

आणि त्या अंधारातून पंतांचा आवाज आला.

"हं, लावा!"