सगळ्या रकान्यांत ‘नाही’

ते प्रकरण आजही आठवतं. आठवलं की आधी स्वतःची लाज वाटते, मग हायसं वाटतं.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला आलो. घरात बसून अंगाला गंज चढायला लागला, म्हणून जबल अलीतल्या एका गोदाम कंपनीत नोकरी धरली. काम ओळखीचंच होतं. महागड्या मालाच्या विभागात ज्याला नेमायचं, त्याची सुरक्षा पडताळणी करायची.

रत्नागिरीकडचा एक सुपरवायझर होता, बारा वर्षं तिथेच राबलेला. त्या विभागाचा प्रमुख म्हणून त्याचं नाव पुढे गेलं आणि आठवड्याभरात माझ्या टेबलावर निनावी पत्र आलं. हा कर्जात बुडालाय, गावाकडचा कर थकवलाय, उद्या माल विकून मोकळा होईल. निनावी पत्रात एखादी गोष्ट हमखास खरी असते, तिच्या जोरावर बाकीच्या खपवतात. मी त्याचा फॉर्म काढला. कर्ज? नाही. थकीत कर? नाही. चौकशी केली, तर दोन्ही होतं.

कर्ज आहे एवढ्यावरून परवानगी नाकारत नाहीत. पैशाच्या ओढाताणीत माणूस मोहाला बळी पडू शकतो म्हणून ते तपासतात, आणि फेड चालू असेल तर बहुधा अडत नाही. पण लपवलं, तर गाठ माझ्याशी होती. लपवणाऱ्याला उद्या कोणीही त्याच गोष्टीवरून धमकावू शकतो. खोटी माहिती दिली म्हणजे नोकरी जाणार, तिच्यामागे व्हिसा, आणि बायको व दोन शाळकरी मुलींसह गाशा गुंडाळणं आलं.

त्याला बोलावलं. “कर्ज किती?”

“चाळीस हजार दिरहम होतं साहेब, म्हणजे नऊ लाखांच्या वर. अब्बांच्या बायपाससाठी काढलं. अर्धं फिटलं.”

“आणि टॅक्स?”

“गावची जमीन विकली, त्याचा. इथे पगारावर टॅक्स नाही, वाटलं तिकडेही काय भरायचं नसेल. नोटिसा बंद घरात पडून होत्या. कळल्यावर हप्ते बांधून घेतले.”

“मग फॉर्मवर ‘नाही’ कसं?”

“फॉर्म भरून देतो त्या टायपिंग सेंटरवाल्याला सगळं सांगितलं होतं साहेब, अल्लाची शपथ. मागे लाईन होती, यल्ला यल्ला, आटपा आटपा चाललेलं. त्याने सही कर म्हटलं, मी केली.”

इतकं सरळ बोलणारा माणूस एक तर खरा असतो, नाहीतर फार पोचलेला. खात्यातल्या सवयीने मी त्याला पोचलेला ठरवलं आणि अहवाल लिहायला घेतला: परवानगी नाकारावी.

तारीख जुळवायला फॉर्म पुन्हा उघडला आणि पेन थांबलं. अवजड वाहनाचा परवाना आहे का? नाही. त्या पदाला तो परवाना सक्तीचा, आणि त्याची प्रत त्याच फॉर्मला जोडलेली! आपल्या फायद्यासाठी खोटं बोलणारा स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?

कंपनी सगळ्यांनाच ज्या टायपिंग सेंटरला पाठवायची, तिथे गेलो. टायपिस्टने मान वर न करताच सांगितलं, “साब, सबका नो ही मारता हूँ. येस मारा तो फाइल अटकता है.”

इतक्या वर्षांत कोणाचा कबुलीजबाब मला इतका गोड लागला नव्हता. नवा फॉर्म त्या सुपरवायझरने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने भरला, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून. परवानगी मिळाली, दर सहा महिन्यांनी हप्त्यांच्या पावत्या दाखवायच्या अटीवर. पहिल्या पावत्या त्याने मुदतीच्या आधीच आणल्या. “इन्शाल्ला पुढच्या वर्षी सगळं खलास, साहेब,” म्हणाला.

खात्यात असताना मी आरोपींना दरडावायचो, सही करण्यापूर्वी वाचता येत नव्हतं का? त्या दिवशी सेंटरवरून परतल्यावर सहज माझा स्वतःचा फॉर्म मागवला. तोही तिथलाच. पूर्वी पोलीस सेवेत होता का? नाही.

खाली माझी सही होती, झोकदार, पूर्ण नावानिशी.