सारिकाचा शुक्रवार

आमच्या घरी दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक, फ्रिजमधल्या झाकण ठेवलेल्या वाट्या आणि दुसरी, सारिकाचे किस्से. दोन्ही एकावर एक रचलेल्या असतात आणि खालचं काढायला जावं तर वरचं अंगावर येतं. ड्यूटी रूममध्ये चहाच्या वेळी मी एखादा किस्सा सुरू केला की बाकीच्या नर्स म्हणतात, "थांब, आधी डबा उघड. आज काय दिलं तिनं ते पाहू."

सारिका म्हणजे माझी नणंद. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचं चौघांचं घर आहे. मी दवाखान्यात नर्स, माझी ड्यूटी कधी सकाळची तर कधी रात्रीची. आमचे हे, म्हणजे प्रदीप, वीज खात्यात आहेत, त्यामुळे कुठे लाइन गेली की ताटावरून उठतात. सारिका एका लॅबमध्ये रक्त तपासते. सासूबाई गुडघे सांभाळत घरी असतात. निवांत स्वयंपाक करायला कोणालाच वेळ नाही, म्हणून आठवड्याचं सगळं जेवण सारिका रविवारीच ठरवून टाकते.

तिचा मुख्य कायदा शुक्रवारचा. त्या दिवशी भाताशिवाय नवीन काही शिजवायचं नाही. सोमवारपासून फ्रिजमध्ये जे जे उरलं असेल ते एका कढईत जातं, वरून लसणाची फोडणी बसते आणि शनिवारच्या बाजाराला फ्रिज रिकामा होतो. त्या पदार्थाला नाव नाही. आम्ही त्याला शुक्रवारच म्हणतो. "थोडा शुक्रवार वाढू का?" असं आमच्याकडे विचारतात.

सासूबाईंना मात्र एकच घोर लागलेला. सारिकाचं लग्न जमत नव्हतं. "हिच्या शुक्रवाराले कोन पोट्टा तयार होईन?" असं त्या मला दर शुक्रवारी विचारायच्या, ते पण शुक्रवार जेवता जेवता.

* * *

हे दर शुक्रवारी ऑफिसातून येताना चौकात दोन समोसे खाऊन यायचे. घरी येऊन पोटावर हात फिरवत म्हणायचे, "आज भूक काही खास नाही." मला सगळं माहीत होतं, पण मी बोलायची नाही. कारण तिसरा समोसा कागदात गुंडाळून माझ्यासाठी येत असे आणि तो मी मोरीच्या दाराआड उभी राहून खात असे.

एका शुक्रवारी समोसेवाल्याचं दुकान बंद. हे भुकेले घरी आले आणि हातपाय न धुता ताटावर बसले. सारिकानं वाढलं. मूठभर भात आणि पळीभर शुक्रवार. दोन घासांत ताट साफ झालं.

"आन् वाढ ना."

"संपलं."

"संपलं? काहून?"

"दादा, तुझे दोन समोसे धरूनच मी शुक्रवारी भात टाकत असते," सारिका शांतपणे म्हणाली. "आज खानार नव्हता तं मले फोन कराले पाह्यजे होता."

मी हसू दाबत होते. तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं. "वहिनीचा पन एक धरला आहे."

त्या रात्री आम्ही दोघांनी मुरमुरे खाल्ले.

* * *

भाव विचारल्याशिवाय सारिका काडीपेटीसुद्धा घेत नाही. एकदा तापानं फणफणली होती, मी गोळी दिली, तर ती तळहातावर ठेवून तिनं विचारलं, "केवढ्याची आहे?" उत्तर मिळाल्यावरच गिळली. भाजीबाजारात तर तिला उधाण येतं.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि भाजी घेतली की मूठभर सांबार वरून फुकट मिळतो. सारिकानं हिशेब केला. एकानं सगळी भाजी घेतली तर सांबार एकदाच मिळतो. तीच भाजी तिघांनी वेगवेगळी घेतली तर तीनदा. म्हणून एका शनिवारी तिनं आम्हाला दोघांना बाजारात नेलं आणि गेटापाशी बजावलं, "एकामेकाले ओळखायचं नाही. दादा, तू वांगे घे. वहिनी, तुमी टमाटर. हसजा नका."

एका भाजीवाल्या मावशीकडे आधी हे गेले. नवऱ्याला न ओळखण्याची मला तशी सवय आहे, तरी त्या दिवशी फार अवघड गेलं. हे सांबार घेऊन बाजूला झाले. मग मी टमाटर घेतले आणि सांबार घेतला. शेवटी सारिका आली. तिनं आलू घेतले आणि सांबारासाठी पिशवी पुढे केली.

मावशीनं तिच्या पिशवीकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीकडे. मग चार पावलांवर आभाळ बघत उभ्या असलेल्या ह्यांच्या पिशवीकडे. आमच्या दाराचा जुना पडदा फाटल्यावर सारिकानंच त्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. तिघांच्याही हातात तोच हिरवा पडदा, त्यावर तेच मोर.

"बाई," मावशी म्हणाली, "घरात आनखी किती मोर आहेत ते सांग. एकदमच सांबार देते."

* * *

लग्नसराईत आमच्या आठवड्याच्या बेतात लोकांची लग्नंही असतात. मंगळवारी संध्याकाळी कुठे पंगत असेल तर सारिका मंगळवारी संध्याकाळची भाजी आणतच नाही. त्याला ती बचत म्हणते. आहेर देतो म्हटल्यावर तो वसूलही झाला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

गल्लीतल्या कुंदाबाईंच्या मुलाचं लग्न होतं. सकाळी आम्ही सगळ्यांनी नेमानं अर्धपोटीच जेवण केलं होतं. दुपारी सारिका लॅबमधून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि वांगी चिरायला बसली.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं? आज तं कुंदाकडं जेवन आहे."

"असू दे. घरात भाजी असलेली बरी."

"तुले बरं नाही का?" सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मीही घाबरले. पंगतीच्या दिवशी घरी भाजी, हे आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

तासाभरात कुंदाबाईंची जाऊ निरोप घेऊन आली. नवरदेवाला कावीळ निघाली, लग्न पुढे ढकललं. ती गेल्यावर सासूबाई सारिकाकडे वळल्या. रक्त कुठल्या लॅबमध्ये तपासलं असेल, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुले माहीत होतं."

"मी काई बोलली का?" सारिका म्हणाली. "लॅबची गोष्ट मी बाहेर नाही सांगत. मी फक्त वांगे चिरले."

* * *

मग गोंदियाचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घर मोठं, माणसं झकपक. रविवार होता म्हणून सासूबाईंनी सारिकाला बाजूला सारून स्वतः रांधलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, खीर. पाहुणे सहा आले, बोलले भरपूर आणि जेवले चिमणीएवढं. सहाही ताटांत भाजी आणि पुऱ्या तशाच पडलेल्या. मुलानं तर पुरीचा वरचा पापुद्रा तेवढा खाल्ला.

मुलाची आई हात धुताना म्हणाली, "टाकल्याशिवाय खाल्ल्यासारखं वाटत नाही बाई आम्हाला."

सारिकानं सहाही ताटं उचलून आत नेली. पाहुणे गाडीत बसत होते तेव्हा ती आतून एक डबा घेऊन आली आणि मुलाच्या आईच्या मांडीवर ठेवला.

"काय आहे हे?"

"तुमच्याच ताटातलं आहे," सारिका अगदी नम्रपणे म्हणाली. "ज्याचं त्याचं वेगळं बांधलं आहे. घरी कामी येईन."

गोंदियाहून फोन आला नाही. डबाही आला नाही, आणि सारिकाला वाईट वाटलं ते डब्याचं.

सासूबाई मात्र त्या दिवशी रडल्या, आणि मला त्यांच्याहून जास्त वाईट वाटलं. लोक सारिकाला चिक्कू म्हणतात, पण सासरे गेले तेव्हा ही कॉलेजात होती आणि ह्यांना नोकरी लागायची होती. त्या दिवसांत हिनं एका वाटीची दोन जेवणं केली आणि कोणाला कळूही दिलं नाही. आज डोक्यावर स्लॅब आहे तो त्या वाट्यांमुळे आहे. शुक्रवारी सगळ्यांना वाढून झाल्यावर जे तळाशी राहील ते ती खाते आणि पुन्हा कधी मागत नाही. हे कुठल्या मुलाला सांगायचं आणि कसं, हे आम्हाला कळत नव्हतं.

* * *

रामपायलीच्या मावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीनं, वारासिवनीचं स्थळ सुचवलं. मुलाचं नाव दिलीप, राइस मिलमध्ये मशिनी दुरुस्त करतो. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. दोघं बसनं आले, तेव्हाच सारिकानं खिडकीतून पाहून पसंतीची मान हलवली.

पोहे झाले. दिलीपची बशी लखलखीत. त्याच्या आईच्या बशीत थोडे उरले होते. बोलता बोलता त्यानं आईची बशी आपल्याकडे ओढली आणि तेही संपवले. कोणाकडे पाहिलंही नाही. सारिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. चहा बशीत सांडला. सारिकाच्या हातून काही सांडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण होकार काही तिनं दिला नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "मले त्यांचं घर पाह्यचं आहे. कळवून नाही जायचं. कळवून गेलं का सगळेच घरं चांगले दिसते."

"कधी?" ह्यांनी विचारलं.

"शुक्रवारी."

सासूबाईंचा चेहरा पडला. संध्याकाळी त्या तुळशीपाशी जाऊन फोनवर कुजबुजताना मला दिसल्या. "आमी शुक्रवारी येऊन राह्यलो. पोट्टीले सांगजा नका. पन जेवाले चांगलं काई तरी करजा, हात जोडते." मला पाहून त्यांनी फोन पदराखाली घेतला. मी तुळशीला पाणी घालून निघून आले.

* * *

शुक्रवारी आम्ही चौघं बसनं वारासिवनीला गेलो. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि त्या निश्चिंत होत्या.

दिलीपच्या आईनं दार उघडलं. "अगंबाई, असे अचानक?" म्हणाल्या. सासूबाई माझ्याकडे पाहून समाधानानं हसल्या.

पाणी झालं, दिलीप मिलमधून आला, ताटं मांडली. ताटात भात होता आणि भाताशेजारी कुठल्याच एका रंगाची म्हणता येणार नाही अशी भाजी. पुरी नाही, खीर नाही. सासूबाईंचं हसू मावळलं. त्यांनी दिलीपच्या आईकडे डोळे वटारले, पण बोलायची सोय नव्हती. हे हळूच मला म्हणाले, "आजच समोसा खाऊन यायला पाहिजे होतं."

सारिकानं घास घेतला आणि तिचा हात थांबला. मग आमचेही थांबले.

"वांगे कालचे," ती म्हणाली.

तिनं दुसरा घास घेतला, सावकाश चावला.

"डाळ परवाची. आन् पापड सोमवारचा."

ताटातून मान वर न करता दिलीप म्हणाला, "रविवारचा."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. दिलीपची आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाई, तुमचा फोन आलता, मी पुऱ्याच करनार होती. पन हा म्हणे, ज्या घरात आयुष्य काढायचं ते घर तिले जसं आहे तसं दिसू दे. शुक्रवारी आमच्याकडं असंच राह्यते."

सारिकानं आपल्या आईकडे पाहिलं. सासूबाई भात कालवण्यात एकदम गुंग झाल्या. मग सारिकानं ताट पुढे सरकवलं.

"मावशी, मले आनखी वाढता का?"

परत बसस्टँडवर आलो तर बसला वेळ होता. सासूबाईंना विचारायचं होतं, पण त्या गुन्हेगार होत्या. ह्यांनी दोनदा घसा खाकरला आणि बसचं वेळापत्रक वाचायला घेतलं. सारिका बाकावर बसून रस्त्यापलीकडे पाहत होती. तिथे कढईत जलेबी पडत होती.

ती उठली, रस्ता ओलांडून गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "अर्धा किलो द्या. गरम." त्यानं तोलली. तिनं पर्समधून नोट काढून दिली, पुडा घेतला आणि परत येऊन आमच्या मधोमध उघडून ठेवला.

भाव विचारला नाही.