मास्तरांची गेम

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात, उरलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू कुठल्या मशीनचा ते चार दिवसांनी आठवत नाही. किस्सा कुणाचा ते मात्र सगळ्या रामनगरला पाठ असतं. माझं इथं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यात मला जुन्या मशीनची हौस. म्हणजे आगीत तेलच!

कुणीतरी सोडून गेलेला एक जुना कंप्युटर दुकानात धूळ खात पडला होता. नवीन काही त्याला झेपेना, म्हणून मी त्यात लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टीम टाकली आणि वर तीस वर्षांपूर्वीचा वेश चढवला. राखाडी खिडक्या, चौकोनी बटणं, ढोबळ अक्षरं. आत एमुलेटर भरले, म्हणजे जुन्या कंप्युटरचं सोंग घेणारे प्रोग्रॅम. सोंग इतकं झकास की जुन्या गेम्सना आपण कुणाच्या घरात आहोत ते कळतच नाही.

पहिला बळी गेला नंदिगड्ड्याच्या एका मामांचा. ते जमिनीच्या उताऱ्याची प्रिंट काढायला आले होते. त्यांनी स्क्रीन पाहिली, चष्मा पुसला, परत पाहिली आणि पिशवी उचलली.

"काय झालं मामा?"

"तुजा कंप्युटर लई जुना हाय बाबा. मला यंदाचा उतारा पायजे. यात आज्याच्या नावचा निघंल."

मी खूप समजावलं. मामा गेले ते गेलेच.

*

मंजू जीप चालवतो. दिग्गीपासून अणशीपर्यंत असा रस्ता नाही की ज्याचा खड्डा त्याला ठाऊक नाही. त्याला मी जुनी मोटार शर्यतीची गेम लावून दिली. म्हटलं, हा गडी आता रेकॉर्ड मोडणार.

तो दरवेळी शेवटचा! मला काही उलगडेना. मग मी मागं उभा राहून बारकाईनं बघितलं. हा पठ्ठ्या प्रत्येक वळणावर तोंडानं हॉर्न वाजवत होता आणि चढावर मागून गाडी आली की कडेला थांबत होता.

"अरे, शर्यत आहे ही. थांबतोस कशाला?"

"घाटात मागनं येणाऱ्या गाडीला वाट द्यायाची अण्णा. पयला नंबर घिऊन काय करू, मागचा दरीत गेला तर?"

*

सोमा वेळीप जंगलातला वॉचर आहे. पर्यटक आले की त्यांना गेटवर उभं करून सांगायचं, "गवा दिसला तर हलू नका," हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. एकदा त्यानं मला विचारलं की गेममधला माणूस मेला तरी तू परत तिथनंच कसा सुरू करतोस. मी म्हटलं, एमुलेटरमध्ये कुठलाही क्षण गोठवून ठेवता येतो. वाटेल तेव्हा त्याच जागी परत जायचं.

झालं! त्या दुपारी काम बंद. कोण आयुष्यातला कुठला क्षण गोठवून ठेवणार, यावर चर्चा. मंजू म्हणाला दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशीचा. मी म्हटलं लग्नाच्या आदल्या दिवशीचा, आणि लगेच बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग मी सोमाकडं वळलो.

"आणि तू रे?"

"मी कुटलाच न्हाई. परत तीच चढण कोण चढंल?"

*

पूर्वीच्या काही कंप्युटरमध्ये गेम साध्या कॅसेटवरून चढायची. तो आवाज म्हणजे किंचाळणं आणि खरखर यांचं लग्न. हौसेखातर मी तसली एक गेम मोठ्या आवाजात लावली. शेजारचा गिरणीवाला पिठाच्या हातांनी धावत आला, "पट्टा जळाला काय?" आणि उत्तर न ऐकता आपल्याच गिरणीकडं पळाला.

पण त्याच आवाजानं देसाई मास्तर खुर्चीतून उठले. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, रोज दुपारी दुकानात पेपर वाचायला येणारे. म्हणाले, "हा आवाज माझ्या घरात होता. आखातातल्या भाच्यानं तसला कंप्युटर आणून दिला होता. मी त्यावर स्वतः एक गेम लिहिली होती."

आम्ही हसलो. हसायला नको होतं, पण मास्तरांना साधा मोबाईल सायलेंट करता येत नाही, मग काय करणार?

त्या दिवसापासून गावात म्हणच पडली. दिग्गीचा मोबाईल टॉवर कसा आहे विचारलं की मंजू सांगायचा, "मास्तरांची गेम. हाय म्हंतात, दिसत न्हाई." बसस्टँडवर कुणीतरी हे मास्तरांच्या तोंडावर बोललं आणि मास्तरांचं दुकानात येणं बंद झालं. खुर्ची रिकामी, पेपर घडी न मोडलेला. मला मनापासून वाईट वाटलं. गणितात कधी खोटं न बोललेला माणूस, आणि आम्ही त्याला गावभर थापाड्या करून टाकला होता.

*

दहाव्या दिवशी मंजू आणि सोमा बसले असताना मास्तरांच्या पत्नी शांताक्का दुकानात आल्या. मागं मान खाली घालून मास्तर. अक्कांनी पोह्याच्या डब्यातून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. वर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

"बाकीच्या समद्यावर मी भजनं भरली," अक्का म्हणाल्या. "हिला हात लावला न्हाई. ह्येंचा कंप्युटर टीव्हीला जोडलेला, त्यापायी चार वर्सं आमच्या घरात टीव्ही बगाय मिळाला न्हाई. तवा काय केलंय ते एकदा मलाबी बगू दे. गेम असंल तर असंल, नसंल तर ह्येंनी गावासमोर कबूल करावं."

मी जुना टेपरेकॉर्डर काढला, स्पिरिटनं हेड पुसलं, वायर जोडली. पहिल्यांदा एरर. दुसऱ्यांदा एरर. मंजूनं सोमाकडं बघितलं तेव्हा मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तिसऱ्यांदा आवाज जरा कमी केला आणि स्क्रीनवर ओळीनं झाडं उगवायला लागली!

मधून पायवाट, टोकाला घर, वाटेवर चालणारा एक ठिपका. वरच्या कोपऱ्यातल्या झाडावरही एक ठिपका होता, पण तो हलत नव्हता. मी म्हटलं, टेपचा दोष असेल.

मंजू बसला. अर्ध्या वाटेवर शिंगं असलेला चौकोन आडवा आला. सोमा ओरडला, "गवा!" मंजूनं डावीकडं पळवलं. रोमन अक्षरांत आलं, 'मेलास.' उजवीकडं, मेलास. मागं, मेलास. मग स्वतः सोमा बसला, आणि गेटवर हजार माणसांना हलू नका सांगणाऱ्या त्या गड्यानं दोन्ही हातांनी सगळी बटणं बडवली. सात वेळा मेला.

"कसं जिंकायचं मास्तर?"

"ते सांगायचं नसतं."

मंजू म्हणाला, "जिंकताच येत न्हाई, मग गेम कसली? अर्धीच की." मास्तरांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांनी गेम सापडली, तीही खोटी ठरत होती.

"सरका बगू," अक्का म्हणाल्या.

कुठलं बटण दाबल्यावर ठिपका चालतो ते मी त्यांना दाखवलं. त्या एका बोटानं सावकाश चालल्या. गवा आडवा आला. अक्कांनी बोट काढून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अक्का, दाबा की कायतरी!"

"सुम्म बसा, गप."

गवा उभा, अक्का बसलेल्या. आमचा चहा निवला. मग तो चौकोन हळूच वळला आणि झाडांत गेला. अक्कांनी परत बोट ठेवलं, ठिपका घराशी नेला. खाली एक ओळ उमटली. मंजूनं रोमन अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचली.

"शांता घरी पोचली."

मागं न वळता अक्कांनी विचारलं, "आणि त्या दिशी तुम्ही कुटं पळाला हुता?"

मास्तर पुढं आले. वरच्या कोपऱ्यातल्या झाडावर तो न हलणारा ठिपका होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.