पाटावरचा बॅकअप

"गो बाय, आदी जुन्या मेलांचो बॅकअप घेवचो, मगे तो उघडून बघूचो, आणि मगेच नव्या सर्व्हराक हात लावचो. देवाक गाऱ्हाणा घातल्यान गेलेले मेल परत येनत नाय!"

"मग दत्तूदादा, दसराच कशाला? साधा शनिवार बघायचा ना," शेजारच्या टेबलावरची जुई म्हणाली.

"ता सायबाक इचार."

साहेब म्हणजे हर्षवर्धन तळपदे. घराणं ठाकूरद्वारचं, वकिली पणजोबांपासूनची. कचेरी आता परळात, गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरात. पण काचेत बसलं म्हणून मुहूर्त सुटतोय होय? नवा सर्व्हर दसऱ्यालाच लागणार आणि जुना त्याच दिवशी बाहेर जाणार, असा हुकूम.

कचेरीतली यंत्रं सांभाळायची ती भोईवाड्याच्या दत्तू मेस्त्रीने. सुट्टीला मेल कमी, म्हणून त्यानंही मान डोलावली होती. जुना सर्व्हर गेला की पक्षकारांचा सगळा पत्रव्यवहार उरणार तो मुठीएवढ्या एका डिस्कमध्ये. ती बिघडली तर वकिलांकडे नुसते काळे कोट.

दसऱ्याला पाट मांडला. वकिलांनी कायद्याची पुस्तकं ठेवली, शिपायाने स्टेपलर. कुणी कॉफीचं यंत्रही आणलं. रास्तच, कचेरीत खरं काम तेच करतं. आणि गाऱ्हाण्यावर तोंडसुख घेणाऱ्या आमच्या दत्तूने काय करावं? बॅकअपची डिस्क नेऊन मधोमध ठेवली.

"ह्या आपला खरा हत्यार!"

साहेबांनी मनोभावे पंचामृत शिंपडलं. मनोभावे म्हणजे भरपूर.

पूजा उरकल्यावर दत्तूने सर्व्हरच्या खोलीत जाऊन डिस्क सदऱ्याला पुसून जोडली. उघडेना. पुन्हा जोडली. ढिम्म.

"काय झालं दादा?" जुईने दारातून डोकावून विचारलं.

"तोंड गोड झाला तिचा. आता बोलना नाय."

तेवढ्यात बाहेरून साहेबांची हाक आली, "दत्तू, मुहूर्त टळतोय! उतरव तो जुना!"

उतरवला तर मेल बुडाले, खरं सांगितलं तर नोकरी. दत्तू हात जोडून दारात उभा राहिला.

"साहेब, भरल्या दसऱ्याला जुनी लक्ष्मी घराबाहेर काढायची? आमच्यात नाय बा काढत. तुमच्यात काढतात?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. बॅकअप काय असतो हे महिनाभर समजावून पटलं नव्हतं; हे मात्र एका दमात पटलं.

"छे, छे! राहू दे तिला तिथेच."

मग दत्तूने नव्या सर्व्हरला नुसती वीज दिली. हिरवे दिवे लुकलुकले, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. साहेबांनी फोनवर आलेला मेल सगळ्यांना दाखवला.

"बघा, काय वेग आहे!"

मेल जुन्याच सर्व्हरवरून आला होता. जुई खाली बघून पेढा चघळत राहिली.

मंडळी जेवायला पांगली. दत्तूने खोलीचं दार आतून लावलं, हाताचं कुंकू पँटला पुसलं, दुसरी कोरी डिस्क काढून जुन्या सर्व्हरला जोडली आणि बॅकअप पहिल्यापासून घ्यायला बसला.